हळद अधिक द्राक्षबी: आतड्याच्या कर्करोगावर अर्कांची जोडी किती खरी?

दर काही महिन्यांनी ही बातमी थोडी कपडे बदलून येते. कधी हळद आणि द्राक्षाच्या बिया, कधी हळद आणि सालई गुग्गुळ. मजकूर साधारण तोच: दोन नैसर्गिक अर्क एकत्र दिले आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी मेल्या. बातमी घरच्या ग्रुपवर येते, खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते, आणि ज्या घरात खरोखरच कोणाची केमोथेरपी चालू असते तिथे संध्याकाळपर्यंत डबीची ऑर्डर गेलेली असते.

बातमी बहुतेक वेळा खोटी नसते. अमेरिकेत कर्करोग संशोधक अजय गोयल यांच्या गटानं २०१८ साली हळदीतलं कर्क्युमिन आणि द्राक्षबियांतली प्रोअँथोसायनिडिन्स ही जोडी तपासली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर आणि उंदरांमधल्या गाठींवर ही जोडी एकेकट्या अर्कापेक्षा जास्त प्रभावी ठरली. संशोधन छापून आलं, ते खरं आहे. प्रश्न एवढाच की त्या निष्कर्षापासून माणसाच्या पोटातल्या गाठीपर्यंत किती अंतर आहे, आणि त्यातलं किती कापून झालं आहे.

आधी रोग समजून घेऊ

मोठं आतडं आणि त्याचं शेवटचं टोक म्हणजे मलाशय, या दोन्हींच्या कर्करोगाला मिळून ‘कोलोरेक्टल’ म्हणतात. जगात दरवर्षी याचे १९ लाखांहून जास्त नवे रुग्ण सापडतात आणि सुमारे ९ लाख माणसं दगावतात. भारतात प्रमाण तुलनेनं कमी, वर्षाला साधारण ७० हजार नवे रुग्ण. पण आपल्याकडे रोग उशिरा लक्षात येतो, आणि इथे उशीर फार महाग पडतो.

आतड्याचं आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. इतक्या वेगानं पेशी बनतात म्हणजे कधी थांबायचं याची शिस्तही तितकीच कडक लागते. ही शिस्त राखणाऱ्या जनुकांपैकी एकाचं नाव एपीसी. या कर्करोगाच्या दहांतल्या सुमारे आठ रुग्णांच्या गाठीत ते बिघडलेलं सापडतं. ते बिघडलं की अस्तरावर एक छोटा मांसल उंचवटा येतो, त्याला पॉलिप म्हणतात. मग केआरएएस नावाचं दुसरं जनुक बिघडतं, पुढे पी५३ नावाचं तिसरं. असे बिघाड साचत पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. या पायऱ्यांचं चित्र १९९० साली फिअरॉन आणि व्होगेलस्टाइन या शास्त्रज्ञांनी मांडलं, आणि त्यावर पुष्कळ भर पडली तरी मूळ रेखाटन टिकून आहे.

दहा वर्षं हा आकडा लक्षात ठेवा. या रोगात प्रतिबंधाला इतका वाव आहे तो त्यामुळेच. पॉलिप असतानाच कोलोनोस्कोपीनं, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून, काढून टाकला तर त्याचा कर्करोग होत नाही.

झालाच, तर आधी शस्त्रक्रिया. मग गरजेप्रमाणे केमोथेरपी. तिच्यातलं मुख्य औषध ५-फ्लुरोयुरॅसिल १९५७ मध्ये पुढे आलं आणि आजही वापरात आहे. त्याच्यासोबत ऑक्सॅलिप्लॅटिन किंवा इरिनोटेकॅन देतात. म्हणजे ‘दोन औषधं मिळून जास्त परिणाम’ ही काही निसर्गोपचारवाल्यांची वेगळी कल्पना नाही. कर्करोगाचे डॉक्टर कित्येक दशकं हेच करत आले आहेत.

एकापेक्षा दोन बरे, असं का वाटतं?

शेतात पाटाला पाणी सोडलंय आणि तुम्हाला ते एका वाफ्यात जाऊ द्यायचं नाही. एक दारं मातीनं बुजवलं. पाणी दोन मिनिटं तुंबतं, मग शेजारच्या बांधाला भगदाड पाडून त्याच वाफ्यात शिरतं. कर्करोगाच्या पेशीत वाढीचा हुकूम असाच अनेक वाटांनी पोचतो. एका औषधानं एक वाट बंद केली की पेशी काही आठवड्यांत दुसरी शोधते. औषधाला दाद न देणारी गाठ तयार होते ती बरेचदा अशी. मग दोन-तीन दारी एकाच वेळी बुजवली तर?

वनस्पतींच्या अर्कांकडे संशोधक वळतात ते यासाठी. कर्क्युमिन पेशीतल्या एकाच जागी चिकटत नाही. सूज पेटती ठेवणारी यंत्रणा, एपीसी बिघडल्यावर मोकाट सुटणारी बीटा-कॅटेनिन नावाची साखळी, पेशी-विभाजनाचं चक्र, अशा अनेक ठिकाणी ते थोडी थोडी ढवळाढवळ करतं. द्राक्षबियांतले घटक वेगळ्या ठिकाणी. गोयल यांच्याच गटानं आधी कर्क्युमिन आणि बॉसवेलिक आम्लांची जोडी तपासली होती. ही आम्लं सालईच्या डिंकातली, आणि सालई म्हणजे आपल्या सातपुड्याच्या कोरड्या जंगलात उभी असते तीच. अमेरिकेतल्या सेंट लुइस विद्यापीठात २०१६ मध्ये कर्क्युमिनबरोबर सिलिमॅरिन तपासलं गेलं, ते युरोपातल्या एका काटेरी झुडपाच्या बियांतून मिळतं.

इथे एक पारिभाषिक शब्द घ्यावा लागतो: सिनर्जी. ‘अ’नं दहा टक्के पेशी मेल्या, ‘ब’नं दहा टक्के, आणि दोघांनी मिळून अंदाजे वीस, तर ती नुसती बेरीज. मिळून पन्नास मेल्या तर सिनर्जी. दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या म्हणून ती आपोआप होत नाही. कधी कधी ‘अ’ ‘ब’चं काम बिघडवतोही. त्याचं एक अस्वस्थ करणारं उदाहरण पुढे येईल.

बशीतली मात्रा आणि रक्तातली मात्रा

प्रयोगशाळेतल्या बशीत पेशींचा एक थर असतो आणि वरून अर्क ओतता येतो, हवा तितका. कर्क्युमिनच्या अशा प्रयोगांत साधारण १० ते ५० मायक्रोमोलर मात्रा वापरलेली दिसते. मायक्रोमोलर म्हणजे द्रवात पदार्थ किती दाट आहे हे मोजायचं एकक. इथे फक्त आकड्यांची तुलना करायची आहे.

आता माणूस. तैवानमध्ये झालेल्या आणि २००१ साली छापून आलेल्या अभ्यासात लोकांना रोज ८ ग्रॅमपर्यंत शुद्ध कर्क्युमिन दिलं. रक्तात जास्तीत जास्त सापडलं सरासरी १.८ मायक्रोमोलरच्या आत. हळद पुडीत कर्क्युमिन असतं सुमारे तीन टक्के. म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल, आणि एवढं करून रक्तात बशीतल्या मात्रेचा किरकोळ हिस्सा पोचेल. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून नीट शोषलं जात नाही, आणि जे शोषलं जातं त्याला यकृत लगेच बाहेर जाण्यायोग्य करून टाकतं.

यावर उपाय म्हणून मिरी येते. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतलं २० मिलिग्रॅम पायपरीन दिलं तर माणसाच्या रक्तातली उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढते. बाजारातल्या निम्म्या डब्यांवर हा आकडा आजही मिरवतो. पण मुळात जवळजवळ शून्य असलेल्या गोष्टीची वीसपट वाढ झाली तरी ती थोडीच राहते, हे डबीवर कोण छापणार?

मग संशोधक अजून आतड्याच्या कर्करोगावरच का अडून आहेत? त्याचं कारण मला या सगळ्या विषयातलं सर्वांत रास्त वाटतं. आतड्याच्या अस्तराशी पोचायला रक्तात शिरण्याची गरजच नाही. गिळलेली गोष्ट तिथे थेट पोचते. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या गटानं शस्त्रक्रियेआधी रुग्णांना काही दिवस रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन दिलं आणि काढलेला आतड्याचा तुकडा तपासला. निरोगी अस्तरात आणि गाठीतही ते सापडलं, आणि प्रमाणही बशीतल्या मात्रेच्या जवळपास जाणारं. त्याच गटानं यकृतात पसरलेल्या कर्करोगाचे रुग्ण तपासले तेव्हा मात्र यकृतात कर्क्युमिन सापडलं नाही.

हे दोन निष्कर्ष एकत्र वाचले की चित्र बरंच स्पष्ट होतं. अस्तरावर, पॉलिपवर काही परिणाम होण्याची शक्यता विचारात घेण्यासारखी आहे. यकृतात किंवा फुफ्फुसात गेलेल्या रोगापर्यंत मात्र तोंडावाटे घेतलेला अर्क पोचतच नसेल, तर सिनर्जीची चर्चा करून उपयोग नाही. आणि जीव जातो तो बहुतेक वेळा पसरलेल्या रोगानं.

आणखी एक खोच रसायनशास्त्रज्ञांनी दाखवली आहे. कर्क्युमिन स्वतः रंगीत आहे, स्वतः चमकतं, अनेक प्रथिनांना सैलसर चिकटतं आणि द्रावणात लवकर मोडतं. त्यामुळे प्रयोगशाळेच्या चाचण्यांत ते नसलेला परिणामही दाखवू शकतं. २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी याचा सविस्तर आढावा घेतला, तेव्हा त्यांचा सूर कडक होता: शंभराहून जास्त मानवी चाचण्या होऊनही प्लासिबोशी (औषध नसलेल्या नकली गोळीशी) नीट तुलना केलेली एकही स्पष्ट यशस्वी नाही. या क्षेत्रातल्या एका अतिशय गाजलेल्या संशोधकाचे दोन डझनांहून अधिक शोधनिबंध नियतकालिकांनी मागे घेतले, तेही सोबत लक्षात ठेवायला हवं.

माणसांवर करून पाहिलंय का?

पाहिलंय. आणि ती कहाणी सावकाश सांगण्यासारखी आहे.

काही कुटुंबांत एपीसी जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं. अशा माणसाच्या आतड्यात तरुणपणीच शेकडो पॉलिप येतात. नवं औषध पॉलिप कमी करतं का हे तपासायला याहून योग्य रुग्ण नाहीत, कारण पॉलिप मोजता येतात. २००६ मध्ये अशा पाच जणांना दिवसातून तीनदा ४८० मिलिग्रॅम कर्क्युमिन आणि २० मिलिग्रॅम क्वेर्सेटिन दिलं. क्वेर्सेटिन कांद्यात भरपूर असतं. सहा महिन्यांनी पॉलिपची संख्या सरासरी ६० टक्क्यांनी आणि आकार ५० टक्क्यांनी घटला. कांदा आणि हळद! बातमी जगभर गेली, आणि आजही फिरणाऱ्या कित्येक फॉरवर्डांचं मूळ इथेच आहे.

रुग्ण फक्त पाच होते, आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता. पॉलिप मोजणाऱ्यालाही माहीत असतं की समोरच्यानं औषध घेतलंय.

त्याच प्रमुख संशोधिकेनं, मार्सिया क्रूझ-कोरेया यांनी, मग नीट चाचणी केली. ४४ रुग्ण, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटलेले. एका गटाला रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. बारा महिने. २०१८ मध्ये निकाल छापला: दोन गटांत फरक नाही, ना संख्येत, ना आकारात.

स्वतःचाच गाजलेला निष्कर्ष अशा कसोटीला लावणं आणि निकाल उलटा आला तरी तो छापणं, याला धैर्य लागतं. फॉरवर्ड करणाऱ्यांनी मात्र २०१८ चा निकाल कधी पुढे पाठवल्याचं दिसत नाही.

इथे चाणाक्ष वाचक हरकत घेईल: दुसऱ्या चाचणीत क्वेर्सेटिन नव्हतंच, मग जोडी हरली असं कसं म्हणता? हरकत बरोबर आहे. कर्क्युमिन एकटं कमी पडलं, एवढंच त्या चाचणीतून सिद्ध होतं. जोडीबद्दल बोलायचं तर चार गट करावे लागतील: एकाला पहिला अर्क, एकाला दुसरा, एकाला दोन्ही, आणि एकाला प्लासिबो. प्रत्येक गटात पुरेशी माणसं. जोड्यांचा मोठेपणा सांगणाऱ्या बातम्यांत हे चार गट बशीत असतात, उंदरांत असतात, पण माणसांत नसतात.

केमोथेरपीसोबत देऊनही पाहिलं गेलं. लेस्टरमध्येच, पसरलेला रोग असलेल्या तीसहून कमी रुग्णांत, काहींना नुसती केमो आणि काहींना केमो अधिक रोज २ ग्रॅम कर्क्युमिन. २०१९ मध्ये आलेला निकाल: सुरक्षित वाटतं, रुग्ण सहन करू शकतात. कर्क्युमिनवाले जास्त दिवस जगले असंही आकड्यांत दिसलं. पण चाचणी सुरक्षिततेसाठी आखलेली, माणसं थोडी, प्लासिबो नाही. पुढे मोठी चाचणी करायला हे कारण पुरेसं आहे. त्यावर उपचार ठरवायला नाही.

‘पण केमोची औषधंही झाडांतूनच आली ना?’

आली. आणि आतड्याच्या कर्करोगापुरतं बोलायचं तर त्या गोष्टीत आपला एक माणूस आहे आणि आपलं एक झाडही.

मनसुख वाणी १९२५ साली नंदुरबारला जन्मले. मुंबई विद्यापीठातून शिकून अमेरिकेला गेले, तिथे डॉक्टरेट केली आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्यासोबत काम करू लागले. एका चिनी झाडाचा अर्क कर्करोगाच्या पेशी मारतो असं दिसलं होतं. या दोघांनी तो अर्क टप्प्याटप्प्यानं वेगळा करत नेला, प्रत्येक टप्प्यावर कुठल्या भागात मारक गुण उतरला ते तपासत, आणि १९६६ मध्ये त्यातला नेमका रेणू शोधून त्याची रचना मांडली. नाव कॅम्प्टोथेसिन. पुढे १९७१ मध्ये याच जोडीनं टॅक्सॉल या कर्करोगाच्या आणखी एका औषधाची रचना शोधली. ‘कर्करोगाचं औषध’ म्हटल्यावर यांचं नाव आपल्याकडे कोणाला आठवत नाही, याचं मला नवल वाटतं.

हाच रेणू सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात भरपूर आहे, हे भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं. तेव्हापासून नरक्यावर कुऱ्हाड चालली. कोल्हापूर-सिंधुदुर्गाकडे नरक्याची चोरटी वाहतूक पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, त्या यासाठी.

पण कॅम्प्टोथेसिन सापडलं म्हणजे औषध मिळालं असं झालं नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रुग्णांवर वापरून पाहिलं तेव्हा मूत्राशयातून रक्तस्राव आणि इतर भयंकर त्रास झाले, आणि चाचण्या थांबल्या. १९८५ मध्ये उलगडलं की हा रेणू पेशीतल्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला (एन्झाइमला) अडवतो. पेशी विभागताना डीएनएचा पीळ सोडवण्याचं काम हे विकर करतं. दरम्यान जपानच्या याकुल्ट कंपनीनं, हो, दुकानात लहान बाटलीतलं पेय विकते तीच, रेणूत फेरफार करून तो पाण्यात विरघळेल आणि कमी छळेल असा केला. तो इरिनोटेकॅन. अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. झाडापासून रुग्णापर्यंत तीस वर्षं.

आज तो शिरेतून, रुग्णाच्या शरीराच्या पृष्ठभागाचा हिशेब करून, मिलिग्रॅममध्ये देतात. नरक्याची साल उकळून प्यायली तर कर्करोग जाणार नाही, माणूस मात्र जाऊ शकतो.

अर्काची एक डबी दुसरीसारखी असते का?

बहुधा नाही. द्राक्षाची जात, पीक कधी काढलं, बी पाण्यात उकळलं की अल्कोहोलमध्ये, सगळ्यानं अर्क बदलतो. एका रेणूच्या गोळीत हा प्रश्न येत नाही. दोन अर्क मिसळले की अनिश्चितता दोन्हीकडून येते.

हे सुटणारच नाही असं नाही. येल विद्यापीठातल्या युंग-ची चेंग यांनी सुमारे १८०० वर्षं जुना एक चिनी काढा घेतला. त्यात चार वनस्पती, त्यातली एक ज्येष्ठमध आणि एक बोराच्या कुळातली. त्यांनी तो सुटा केला नाही, काढा म्हणूनच तपासला. मात्र प्रत्येक घाण्याचा रासायनिक आणि जैविक ठसा आधीच्या घाण्यांशी जुळवून पाहिला. आतड्याची गाठ असलेल्या उंदरांना इरिनोटेकॅनसोबत तो दिला तेव्हा औषधानं जखमी झालेलं अस्तर लवकर भरून आलं आणि गाठीवरचा मारा कमी झाला नाही. हे २०१० मध्ये छापून आलं, आणि माणसांवरच्या चाचण्याही सुरू झाल्या. ‘आयुर्वेदात तर पहिल्यापासून मिश्रणंच आहेत’ असं म्हणणाऱ्यांनी हे काम जरूर पाहावं. मिश्रण आहे म्हणून विज्ञान त्याला हात लावत नाही असं नाही. फक्त मिश्रणात काय आहे आणि दर वेळी तेच आहे का, याचा हिशेब द्यावा लागतो.

‘फायदा नाही झाला तरी तोटा काय?’

हा समज मला सगळ्यांत जास्त खुपतो. तोट्याची उदाहरणं या रोगातलीच आहेत.

युरोपात उदास मनासाठी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घेतात. नेदरलँड्समध्ये इरिनोटेकॅन चालू असलेल्या रुग्णांना ती देऊन पाहिली, तर रक्तातलं औषधाचं कार्यकारी रूप ४२ टक्क्यांनी घटलं. म्हणजे सलाईन पूर्ण, दुष्परिणामांची भीती पूर्ण, आणि औषध जवळपास अर्धं. कारण ती वनस्पती यकृतातल्या औषध मोडणाऱ्या विकरांना चेतवते. मिरीतलं पायपरीन त्यातल्या काही विकरांना उलट अडवतं, कर्क्युमिन वाढतं ते त्यामुळेच. मग रक्तात दुसरं औषध असेल तर तेही प्रमाणाबाहेर वाढू शकतं.

आणि ते अस्वस्थ करणारं उदाहरण. २००२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर दिसलं की कर्क्युमिन दिल्यावर काही केमो औषधांनी पेशी मरण्याचं प्रमाण घटलं. त्या औषधांत कॅम्प्टोथेसिनही होतं. बशीतला प्रयोग आहे, मान्य. पण बशीतल्या चांगल्या बातमीवर विश्वास ठेवायचा असेल तर वाईटही मोजायला हवी.

अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजेची नोंद ठेवणाऱ्या संशोधकांनी हळदीच्या पूरक गोळ्यांशी जोडलेली १० प्रकरणं मांडली. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एक दगावला. भाजीतल्या हळदीचा इथे काही संबंध नाही. प्रश्न एकवटलेल्या, काही वेळा मिरी घातलेल्या गोळ्यांचा आहे. आणि केमो चालू असलेल्या माणसाचं यकृत आधीच कामाला जुंपलेलं असतं.

‘व्हिटॅमिनसारखं निरुपद्रवी’ असं कोणी म्हणालं तर त्यांना फिनलंड सांगा. तिथे २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत बीटा-कॅरोटिन, म्हणजे गाजरातला घटक, तपासला. १९९४ चा निकाल: गोळी घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त.

‘कंपन्यांना नफा नाही, म्हणून दडपतात’

यात थोडं तथ्य आहे. जुन्या नैसर्गिक पदार्थावर पेटंट मिळवणं कठीण. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकी पेटंट रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं लढून १९९७ मध्ये रद्द करवलं, ते आपल्याला आठवतंच. पेटंट नसेल तर मोठ्या चाचणीवर कोट्यवधी खर्च करायला खासगी कंपनी कचरते. पण वर सांगितलेल्या चाचण्या झाल्या, छापल्या गेल्या. दडपलं असतं तर हा लेखच लिहिता आला नसता. आणि पूरक गोळ्या विकणाऱ्यांना नफा होत नाही, हे तर ऐकून हसू येतं. त्यांना परिणाम सिद्ध करावा न लागता विकता येतं.

आपल्याकडे २०२४ च्या सुरुवातीला टाटा मेमोरियलच्या शास्त्रज्ञांनी द्राक्षात सापडणारं रेझव्हेरेट्रॉल आणि तांबं यांची १०० रुपयांची गोळी येणार असं सांगितलं, तेव्हा गहजब झाला. केमोचे दुष्परिणाम कमी करण्यावर माणसांत छोटे अभ्यास झाले होते. पण ‘कर्करोग पुन्हा होणार नाही’ ही मथळ्यातली गोष्ट तेव्हा उंदरांवरच्या प्रयोगांतून आलेली होती. संस्था सरकारी, गोळी स्वस्त, हेतू चांगला. तरीही विचारायचे प्रश्न तेच.

घरात कोणाला हा रोग असेल तर

अर्काची गोळी चालू असेल किंवा घ्यायची असेल तर डबी उचलून कर्करोगतज्ज्ञांकडे न्या, नाव सांगून भागत नाही. मागच्या बाजूला पायपरीन लिहिलंय का ते त्यांना दाखवा. डॉक्टर रागावतील म्हणून लपवणारे रुग्ण खूप असतात, आणि मग रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे का चढले याचा शोध भलतीकडे चालतो. शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल तर अशा गोळ्या साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात, कारण काहींनी रक्त गोठायला उशीर होतो. जेवणातली हळद, कांदा, मिरी, द्राक्षं खुशाल खा.

औषधाखेरीज काही करायची इच्छा असेल तर एक गोष्ट चाचणीत टिकली आहे, आणि तिची डबी मिळत नाही. २०२५ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीचा निकाल आला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमो झालेले ८८९ रुग्ण, दोन गटांत वाटलेले. एका गटाला तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम, बहुतेकांसाठी भरभर चालणं. दुसऱ्याला नुसती माहितीपुस्तिका. आठ वर्षांनी पहिल्या गटातले ९० टक्के जिवंत, दुसऱ्यातले ८३.

आणि ज्यांना रोग नाही त्यांच्यासाठी. शौचातून रक्त गेलं की आपल्याकडे मूळव्याध ठरवून मोकळे होतात, भिंतीवरच्या ‘बिना ऑपरेशन’ जाहिरातीचा नंबर फिरवतात. पन्नाशीच्या आसपासच्या माणसाला रक्त जात असेल, शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदलली असेल, हिमोग्लोबिन विनाकारण उतरलं असेल, तर कोलोनोस्कोपी करून घ्या. तरुण असाल तरी तपासणी टाळू नका. आई-वडील किंवा भावंडांत कोणाला हा कर्करोग झाला असेल तर त्रास नसतानाही डॉक्टरांना विचारा की तपासणी कुठल्या वयापासून सुरू करायची. अमेरिकेतल्या आकड्यांप्रमाणे रोग आतड्यापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनी दहांतले नऊ जण हयात असतात. दूर पसरल्यावर सापडला तर शंभरातले पंधराच्या आसपास.